उपऱ्याचा न्याय

आपल्या मंडळीतील एखादी मुलगी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस निघाली म्हणजे रविवारच्या उपासनेत तिच्यासाठी प्रार्थना होते. त्या प्रार्थनेत बहुधा दोन विनंत्या असतात. व्हिसा मिळावा ही पहिली, आणि शिक्षण संपल्यावर तिचे तेथेच बस्तान बसावे ही दुसरी. पहिली मोठ्याने उच्चारली जाते, दुसरी आईवडिलांच्या मनातच राहते. आता जरा विचार करा. ज्या खिडकीपुढे पहिली विनंती मान्य व्हायची, त्याच खिडकीपुढे त्या मुलीला सांगावे लागते की दुसरी विनंती माझी नाहीच. मग देवाजवळ आपण काय मागितले, आणि अधिकाऱ्याजवळ काय बोललो?

अमेरिकेचा १९५२ चा स्थलांतरविषयक कायदा असे गृहीत धरून चालतो की दारात आलेला माणूस कायमचा राहायलाच आला आहे. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. ‘एफ-१’ ह्या विद्यार्थी व्हिसासाठी मायदेशी आपले घर आहे व ते सोडून देण्याचा आपला हेतू नाही, हे अधिकाऱ्यास पटवावे लागते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत त्यासाठी काही मिनिटेच मिळतात, आणि नकार मिळाला तर त्यावर अपील नाही. पण एकदा आत गेल्यावर तेच सरकार पदवीनंतर बारा महिने काम करण्याची मुभा देते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित ह्या विषयांच्या पदवीधरांस आणखी चोवीस महिने मिळू शकतात. पुढे ‘एच-१बी’ हा नोकरीचा व्हिसा आहे. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकेतच पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी २०,००० जागा वेगळ्या आहेत. ह्या व्हिसावर असताना कायम राहण्याची इच्छा बाळगणे हा दोष मानू नये, असे १९९० च्या कायद्याने ठरवले. म्हणजे पहिल्या दारावर पाटी ‘राहणार नाही असे म्हण’, आणि आतल्या दारावर पाटी ‘राहायचे असल्यास इकडून’. २०२३-२४ ह्या शैक्षणिक वर्षात ह्या दोन दारांच्या मधल्या ओसरीवर ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांत आपल्या मंडळ्यांतील मुलेही आहेत, नागपूरची, सोलापूरची, तशीच इंदूर, हैदराबाद आणि बडोद्याचीही.

तर मग ह्या सर्वांना आपण खोटे बोलायला पाठवतो काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, पण ते ‘नाही’ स्वस्त नाही.

भाषांतराचे काम करणाऱ्याला ‘हेतू’ आणि ‘इच्छा’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. कायदा विचारतो तो हेतूविषयी, आणि तोही आजच्या. ‘मी शिकायला जात आहे, परवानगीची मुदत संपली की निघेन, मध्यंतरी एखादा कायदेशीर मार्ग उघडला तर त्याचा विचार करीन’ असे बावीस वर्षांची मुलगी प्रामाणिकपणे म्हणू शकते. तिच्या मनात आशा आहे, पण आशा म्हणजे कट नव्हे. उलट, काहीही झाले तरी परतायचे नाही असे ठरवून, चार दिवसांपुरती उसनी रक्कम खात्यात दाखवून, एजंटाने घोकून घेतलेली उत्तरे देणारा जो आहे, त्याचा प्रत्येक शब्द व्याकरणदृष्ट्या खरा असला तरी तो खोटे बोलत आहे. अब्राहामाचेच पाहा. मिसर देशाच्या सीमेवर पोहोचताच तो सारेस सांगतो की मी त्याची बहीण आहे असे म्हण. उत्पत्तीच्या विसाव्या अध्यायात तो खुलासा करतो की ती खरोखरच त्याच्या बापाची मुलगी होती. वाक्य खरे होते, पण ते ऐकणाऱ्याची फसवणूक व्हावी म्हणून बोलले गेले होते. आणि त्याबद्दल त्याला जाब विचारला तो देवाला न ओळखणाऱ्या परक्या राजांनी! विश्वासणाऱ्यांच्या पित्याची ही गोष्ट शास्त्राने लपवली नाही, उलट दोनदा सांगितली. देशाच्या सीमेवर भीती माणसाला काय बोलायला लावते, हे शास्त्राला ठाऊक आहे.

येथेच मला एजंट आणि वकील ह्यांतील फरक महत्त्वाचा वाटतो. आपल्या लोकांत दोघांनाही एकाच माळेत ओवण्याची सवय आहे. ‘वकील म्हणजे पळवाट’ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु काय उत्तर दिले म्हणजे काम होईल हे एजंट सांगतो, तर खरे उत्तर दिले तर काय होईल हे चांगला वकील सांगतो. जाणूनबुजून केलेल्या खोट्या निवेदनाबद्दल अमेरिकेचा कायदा त्या माणसाला प्रवेशास कायमचा अपात्र ठरवतो. सूट मिळण्याची सोय आहे, पण ती फार थोड्यांसाठी. ही गोष्ट विद्यार्थ्याला सही करण्यापूर्वी कळली पाहिजे. विद्यापीठाच्या कार्यालयातील सल्लागार अनेकदा अत्यंत मायाळू असतात. पण विद्यार्थ्याची नोंद सरकारी यंत्रणेला कळवणे हेच त्यांचे कर्तव्य असल्यामुळे आपली चूक त्यांच्याजवळ कबूल करणे म्हणजे ती नोंदवणे ठरू शकते. वकिलाला मात्र अशिलाची गुप्तता राखावी लागते, आणि न्यायासनापुढे जाणूनबुजून असत्यही मांडता येत नाही. ह्या दोन बंधनांच्या मध्ये जी जागा उरते तीत माणसाला खरे बोलण्याचे धैर्य येते. पाळकाच्या खोलीचेही असेच नाही काय?

आता एका शब्दाविषयी. इब्री भाषेत परक्या माणसासाठी एकच शब्द नाही. ‘नोखरी’ म्हणजे येणारा-जाणारा परका. त्याची मुळे अन्यत्र असतात, व्यापार करून तो निघून जातो. ‘गेर’ म्हणजे येऊन राहिलेला. त्याला वतन नाही, भाऊबंद नाहीत, पण तो तुमच्या वेशीच्या आत आहे. ह्या ‘गेर’साठी मराठीत ‘परदेशी’ म्हणावे तर घरोबा हरवतो, ‘पाहुणा’ म्हणावे तर चार दिवसांत तो जाणार असे वाटते. ‘उपरी’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटत आला आहे. आपल्या जुन्या गावगाड्यात जमीन कसणारे दोन प्रकारचे असत. मिरासदाराचा हक्क पिढीजात. परागंदा झालेला मिरासदारही परत येऊन आपले शेत मागू शके. उपरी कराराने जमीन कसायचा. घाम तोही गाळी, पण गावाच्या कारभारात त्याचा शब्द नसे. लक्ष्मण माने ह्यांच्या आत्मकथनाने १९८० साली ह्या शब्दातील वेदना साऱ्या महाराष्ट्रापुढे ठेवली.

परदेशातील विद्यार्थ्याला कायदा ‘नोखरी’ म्हणतो, आणि जीवन त्याला ‘गेर’ बनवते. अडचण नेमकी ही आहे. पाच-सहा वर्षे तो तेथे भाडे भरतो, प्रयोगशाळेत रात्री जागवतो, तेथल्या मंडळीत गातो. पण पदवी संपली की साठ दिवसांत निघायचे, किंवा कामाची परवानगी घ्यायची. ती घेतली तरी पहिल्या बारा महिन्यांत एकूण नव्वद दिवसांहून अधिक बेकार राहता येत नाही. नव्वदावा दिवस मोजत बसलेल्या मुलाच्या मनाची कल्पना करा.

अनुवादाच्या पुस्तकात उपऱ्याविषयी जे सांगितले आहे त्यात अन्नवस्त्र आहेच. पण चोविसाव्या आणि सत्ताविसाव्या अध्यायांत शब्द येतो तो ‘मिश्पात’. त्याचे भाषांतर आपण ‘न्याय’ असे करतो, तरी त्यात न्यायनिवाड्यात आपली बाजू मांडण्याचा हक्कही अंतर्भूत आहे. उपऱ्याचा हा हक्क हिरावणारा शापित ठरतो. ह्याचा अर्थ असा की उपऱ्याला भाकरी देऊन आपली जबाबदारी संपत नाही. वेशीत, जेथे पंच बसतात तेथे, त्याच्या बाजूने कोणीतरी उभे राहिले पाहिजे.

हे किती शब्दशः खरे आहे ते २०२५ च्या वसंत ऋतूत दिसले. अमेरिकन सरकारने हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी एकाएकी रद्द केल्या. कित्येकांच्या बाबतीत कारण काय, तर कधीतरी वाहतुकीच्या नियमभंगासारख्या किरकोळ बाबीत पोलिसांच्या दप्तरी नाव आलेले, काहींचे तर प्रकरणच निकालात निघालेले. काहींनी भीतीने सामान बांधून देश सोडला. काहींनी वकील गाठले आणि ते न्यायालयात गेले. ठिकठिकाणच्या न्यायाधीशांनी तात्पुरते मनाई हुकूम दिले, आणि २५ एप्रिल रोजी सरकारने नोंदी पूर्ववत करीत असल्याचे न्यायालयात सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरात नव्या ‘एच-१बी’ अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली आणि घबराट उडाली. तेथेच असलेल्या व विद्यार्थी दर्ज्यातून बदल मागणाऱ्यांना ते लागू नाही, हा खुलासा ऑक्टोबरात आला. मधल्या महिन्यात किती घरांत रडारड झाली असेल! वकिलाने अशा वेळी आणखी काही न करता ‘थांबा, सही करू नका, विमानात बसू नका’ एवढे सांगितले तरी पुष्कळ असते.

हद्दपारीच्या खटल्यात वकील नेमण्याचा हक्क तेथे आहे, पण सरकारी खर्चाने नाही. म्हणजे हक्क कागदावर सर्वांचा, व्यवहारात पैसेवाल्याचा. ही उणीव भरून काढण्यास मंडळ्या पुढे आल्या हे नमूद केले पाहिजे. १९८८ साली तेथील कॅथलिक बिशपांनी ‘कॅथलिक लीगल इमिग्रेशन नेटवर्क’ स्थापन केले. मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थांतील प्रशिक्षित कार्यकर्त्यांना, ते वकील नसले तरी, अशा प्रकरणांत बाजू मांडण्याची परवानगी तेथील न्याय खाते देते.

कोणी म्हणेल, लाखो रुपये भरून स्वखुशीने गेलेल्यांना ही मदत कशाला? निर्वासितांना द्या. क्रम लावायचा झाल्यास निर्वासित आधी, ह्यात वाद नाही. पण न्याय ही भिक्षा नव्हे की गरजेप्रमाणे वाटावी. शिवाय त्या लाखांपैकी किती घर गहाण टाकून उभे केलेले असतात, हे आपल्या मंडळ्यांतील बापांना विचारा.

आणि राज्यसत्तेनेही खरे बोलावे की नाही? २०१५ ते २०१९ ह्या काळात मिशिगनमध्ये ‘फार्मिंग्टन विद्यापीठ’ नावाची संस्था होती. तिला शिक्षक नव्हते, वर्ग नव्हते. ती स्थलांतर खात्यानेच लावलेला सापळा होती. सुमारे सहाशे विद्यार्थ्यांनी, बहुतांश भारतीयांनी, फी भरून नावे घातली आणि पुढे अनेकांना अटक झाली. वर्गच भरत नाहीत हे पाहून काही जण बाहेर पडले, ते शहाणे. जे राहिले त्यांचा दोष मी झाकणार नाही. पण खोटा दरवाजा उभारून त्यातून आत येणाऱ्याला खोटारडा म्हणणाऱ्या सत्तेचे काय? घेतलेल्या फीबद्दल करारभंगाचा दावा चालू शकतो, असे २०२४ मध्ये तेथील वरिष्ठ न्यायालयाने म्हटले.

शिकून परत यावे, देशाची सेवा करावी, असा उपदेश आपल्या व्यासपीठांवरून होतो. तो चांगलाच आहे. पण परत येणाऱ्याचे स्वागत कोणी करायचे? १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेस गेले. परतल्यावर संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ साली ते करार पाळण्यासाठी बडोद्यास आले, आणि तेथे त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी वसतिगृहात ते पारशी नाव लावून राहिले. काही दिवसांत काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. पुढे त्यांनी ह्या आठवणी लिहिल्या तेव्हा त्या लेखनाला मिळालेले नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असे आहे. वचन पाळून मायदेशी आलेला माणूस मायदेशातच उपरी! त्या रजिस्टरातील नावाला खोटे म्हणून बोट दाखवण्यापूर्वी मी तरी मिसरातील सुइणींची आठवण करीन. अंगावर छप्पर मिळावे म्हणून घेतलेले नाव आणि पगार वाढावा म्हणून सजवलेले बँक खाते ह्यांना एकाच तराजूत घालणारा नीतिशास्त्रज्ञ मला मान्य नाही.

आणि आपल्या वेशीतील उपऱ्याचे काय? पुण्यात, बंगळुरात, दिल्लीत आफ्रिकेतून, नेपाळातून, अफगाणिस्तानातून आलेली मुले शिकतात. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले तेव्हा पुण्यातील अफगाण विद्यार्थ्यांपुढे प्रश्न उभा राहिला: अभ्यासक्रम संपत आला, व्हिसाची मुदत संपणार, आणि परतायचे कुठे? भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. तरीही घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाचे संरक्षण परकीयासही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने चकमा लोकांच्या प्रकरणात १९९६ मध्ये स्पष्ट केले. १ सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडे परकीयांविषयी नवा कायदा अमलात आला आहे. एकशेऐंशी दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्या विद्यार्थ्याने चौदा दिवसांत नोंदणी करायची असते. हे त्याला ठाऊक नसते, आणि घरमालक कागद द्यायला टाळतो. इंग्रजी उपासनेला मागच्या बाकावर बसणाऱ्या त्या सुदानी मुलाशी आपण हस्तांदोलन करतो. त्याच्या बाकापासून चार बाके पुढे आपल्याच मंडळीतील एखादे वकील बसलेले असतात. उपासनेनंतर चहा होतो तेव्हा त्या दोघांची गाठ घालून द्यायला पंधरा मिनिटे लागतात, आणि चौदा दिवसांपैकी तेव्हा किती उरले आहेत, हे त्या मुलालाच विचारावे लागेल.