क्षमेची खात्री

देवाने मला क्षमा केली, हे मी कशावरून मानायचे? मार्टिन ल्यूथर आणि रोम यांच्या भांडणात राजपुत्रांचे स्वार्थ होते, कर्जबाजारी आर्चबिशप होता, सेंट पीटर्सच्या बांधकामाचा खर्च होता. ते सगळे खरे आहे. पण त्या भांडणाचा जीव या एका प्रश्नात आहे असे मला वाटते, आणि तो सर्वांत उघडपणे दिसतो पापनिवेदनाच्या प्रथेत.

१२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला वर्षातून किमान एकदा धर्मगुरूपुढे पापे कबूल करणे बंधनकारक केले. मनापासून पश्चात्ताप, तोंडाने कबुली आणि मग सांगितलेले प्रायश्चित्त, असा हा क्रम होता. धर्मगुरूने क्षमेचे शब्द उच्चारले की दोष मिटे. पण पापाची ऐहिक शिक्षा उरे. ती या जन्मी फिटली नाही तर मरणानंतर शुद्धीस्थानात भोगावी लागे. पापविमोचनपत्रे होती ती या उरलेल्या शिक्षेसाठी. चर्चच्या शिकवणीनुसार त्यांनी पाप धुतले जात नसे, शिक्षेत सूट मिळे. १४७६ मध्ये पोप चौथे सिक्स्टस यांनी ही सूट शुद्धीस्थानातल्या मृतांनाही लागू केली. गेलेल्या आईवडिलांच्या काळजीने पैसे मोजायला आलेल्या माणसाला असले बारीक भेद कुठून उमगणार?

ल्यूथरची अडचण मात्र पैशांपासून सुरू झालीच नव्हती. १५०५ मध्ये तो एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला आणि तिथे तासन्‌तास पापनिवेदन करू लागला. एखादे पाप आठवायचे राहून गेले असेल तर? पश्चात्ताप देवाच्या प्रेमापोटी झाला की केवळ नरकाच्या धास्तीने? क्षमा जर माझ्या पश्चात्तापाच्या खरेपणावर टेकलेली असेल, तर स्वतःचे मन ढवळून पाहणाऱ्याला ती कधीच पुरती हाती लागत नाही. त्याचे वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्झ त्याला पुन्हापुन्हा सांगत, स्वतःकडे पाहू नकोस, ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहा. हे श्टाउपिट्झ शेवटपर्यंत कॅथलिकच राहिले. ल्यूथरच्या विचाराचे बी कॅथलिक मठात, कॅथलिक गुरूच्या तोंडून पडले, हे दोन्ही बाजूंचे लोक सहज विसरतात.

पुढे विटेनबर्गला स्तोत्रसंहिता आणि रोमकरांस पत्र शिकवताना त्याला उलगडा होत गेला. देवाचे नीतिमत्त्व म्हणजे माणसाला तोलणारा तराजू नव्हे. विश्वास ठेवणाऱ्याला देव ते फुकट देतो. हे एका रात्रीत घडले नाही. १५१७ च्या पंचाण्णव प्रबंधांत शुद्धीस्थान शाबूत आहे, पोपच्या अधिकाराबद्दल आदरही आहे. खरी झेप मला दिसते ती १५१८ मध्ये. त्या वर्षी तो लिहू लागला की क्षमेचे शब्द हे देवाचेच वचन आहे, आणि त्यावर विश्वास ठेवणाऱ्याने क्षमा मिळाली असे निःशंक मानावे. ऑक्टोबरात आउग्सबुर्गला पोपचे प्रतिनिधी कार्डिनल कायेतान यांनी त्याची चौकशी केली, तेव्हा त्यांनी नेमके या खात्रीवर बोट ठेवले. क्षमा करण्याचे सामर्थ्य संस्कारात आहे, पण मी ते घेण्यास पात्र आहे की नाही याची खात्री कोण देणार? अशी खात्री सक्तीची करणे म्हणजे नवे चर्च उभारणे होय, असे त्यांचे मत होते. पुढे काय होणार हे ल्यूथरच्याही आधी कायेतान यांनी ओळखले.

मिस्साविषयीचा, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारसाच्या उपासनेविषयीचा, वाद याच मुळातून फुटला. १५२० पासून ल्यूथर सांगू लागला की मिस्सा हे माणसाने देवाला वाहायचे अर्पण नसून देवाने माणसाला दिलेले दान आहे. मग मृतांसाठी पैसे देऊन मिस्सा करवून घेण्यात अर्थ उरला नाही, आणि दान पुरते द्यायचे तर द्राक्षारसाचा प्यालाही सामान्य माणसाच्या ओठी लागायला हवा. संतांचा आदर राहिला, त्यांच्याकडे मध्यस्थीची याचना मात्र गेली. सात संस्कारांपैकी बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन एवढे दोन निर्विवाद उरले.

पण काय राहिले तेही पाहायला हवे. १५२९ मध्ये मारबुर्गला झ्विंग्ली या दुसऱ्या सुधारकाशी चर्चा करताना ल्यूथरने ‘हे माझे शरीर आहे’ हे ख्रिस्ताचे शब्द मेजावर खडूने लिहून ठेवले आणि तो त्यावरून तसूभर हलला नाही. भाकरीचे द्रव्य पालटते हा रोमचा सिद्धांत त्याने नाकारला. भाकरीत ख्रिस्त खरोखर हजर असतो, हे कधीच नाकारले नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नवे वाटेल, कारण आपल्याला प्रॉटेस्टंट पंथ भेटला तो मुख्यतः अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनकडून आणि स्कॉटिश मिशनऱ्यांकडून. त्यांचा वारसा कॅल्व्हिनचा. त्यांच्या साध्या प्रार्थनामंदिरांवरून ल्यूथरच्या चर्चची कल्पना केली तर चुकते. तिथे वेदी, क्रूसावरचा ख्रिस्त, मेणबत्त्या आणि झगे टिकून राहिले.

पापनिवेदनही टिकले. ल्यूथरनांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासपत्रात खासगी क्षमोच्चारण चालू ठेवावे असे स्पष्ट लिहिले आहे. फक्त एकूण एक पाप मोजून सांगण्याची अट काढली. जे मनाला टोचते तेवढे सांगा. ल्यूथरच्या लघु प्रश्नोत्तरीत पापनिवेदनाचा नमुना आहे. त्यात धर्मसेवक समोरच्याला विचारतो, मी दिलेली क्षमा ही देवाचीच क्षमा आहे असे तू मानतोस ना? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. किती पश्चात्ताप झाला, हे तो विचारत नाही. विटेनबर्गच्या नगरचर्चमध्ये थोरल्या क्रानाखच्या चित्रशाळेतले वेदीचित्र आहे. त्याच्या उजव्या फळीवर ल्यूथरचे स्वतःचे पापनिवेदन ऐकणारे बुगेनहागेन दोन किल्ल्या धरून उभे आहेत. एका किल्लीने ते गुडघे टेकलेल्याला मोकळे करतात. दुसरा माणूस, हात बांधलेल्या स्थितीत, पाठ फिरवून निघून जातो. पहिल्याच पिढीतल्या ल्यूथरन लोकांनी पापनिवेदनाला वेदीवर स्थान दिले होते.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये उत्तर दिले. सुरुवात देवाच्या कृपेनेच होते हे तिने ठामपणे मान्य केले, पण आपल्याला कृपा लाभलीच आहे असे कोणी विश्वासाच्या अढळ निश्चितीने जाणू शकत नाही, असेही बजावले. १५५१ मध्ये आठवतील ती सर्व प्राणघातक पापे सांगण्याची अट तिने कायम केली. यामागचे भय मला समजते. खात्री स्वस्त झाली की माणूस सुस्तावतो. आणि तसे झालेही. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक ल्यूथरन चर्चमधून खासगी पापनिवेदन ओसरले आणि रविवारच्या उपासनेतली सामुदायिक कबुली उरली. १९३७ मध्ये ‘स्वस्त कृपा’ हा शब्दप्रयोग करून या सुस्तीवर ज्याने कठोर प्रहार केला, तो डीट्रिश बॉनहोफर ल्यूथरनच होता. फिंकेनवाल्डेच्या आपल्या सेमिनरीत त्याने विद्यार्थ्यांमध्ये एकमेकांपुढे खासगी पापनिवेदन करण्याची प्रथा पुन्हा रुजवली. एकट्याने देवापुढे दिलेल्या कबुलीत माणूस स्वतःलाच क्षमा करून मोकळा होतो, ही त्याची शंका कोणत्याही कॅथलिक धर्मगुरूला पटावी अशी आहे.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गलाच ल्यूथरन जागतिक महासंघ आणि रोम यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. त्यात खात्रीवर स्वतंत्र परिच्छेद आहे. देवाच्या दयेवर आणि ख्रिस्ताच्या कार्यावर कोणी शंका घेऊ नये, स्वतःच्या दुबळेपणाची चिंता मात्र प्रत्येकाला वाटू शकते, असा त्याचा आशय. कायेतान आणि ल्यूथर, दोघांचेही म्हणणे या एका परिच्छेदात आले आहे. त्याला चारशे एक्क्याऐंशी वर्षे लागली. पापे मोजून सांगण्याची अट अजून एका बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला नाही. शिक्षेतली सूट रोमने सोडलेली नाही. आणि एकाच वेदीवरून दोघांनी मिळून ख्रिस्तप्रसाद घेणे हे अद्याप चर्चेच्या मेजावरच आहे.