शाळेची निवड आणि पालकाचा धर्म

आपल्या मुलासाठी सरकारी शाळा निवडावी की खासगी, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. फी, अंतर, माध्यम आणि शिस्त यांचा हिशेब केला की तो सुटला, असे आपण मानतो. परंतु त्याच्या मुळाशी एक नैतिक पेच आहे. आपल्या मुलाचे हित आणि सर्वांच्या मुलांचे हित यांत अंतर पडले, तर पालकाने कोणती बाजू घ्यावी?

आम्हा बडोदेकरांना हा विषय नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला व १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होई. मुलाचे शिक्षण ही केवळ घरच्यांच्या मर्जीची बाब नव्हे, हे तत्त्व येथे तेव्हाच रुजले. नामदार गोखले यांचे १९११ सालचे विधेयक मात्र फेटाळले गेले. संपूर्ण देशास तसा कायदा मिळण्यास २००९ साल उजाडावे लागले.

तथापि, मूल हे समाजसुधारणेचे साधन नव्हे. रिकाम्या जागेवर शिक्षक नेमला जाईपर्यंत बालपण थांबत नाही. सरकारी वेतन घेणाऱ्यांची मुले सरकारी प्राथमिक शाळांतच शिकावीत, अशी व्यवस्था करण्याचा आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये उत्तर प्रदेश शासनास दिला. शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस त्यातील मर्म कळते. ज्याचे मूल गळक्या वर्गात बसते, त्याच्या टेबलावरची फाईल लवकर हलते. तरीही वडिलांच्या नोकरीची किंमत मुलाने का मोजावी, हा प्रश्न उरतोच.

आता दुसरी बाजू पाहू. २००९ च्या कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. ज्यांना नियम ठाऊक आहेत, अर्ज लिहिता येतो, असेच पालक बाहेर पडले, तर मागे राहतात ते रोजंदारी बुडवून सभेस येणे न परवडणारे. मग शाळा खालावते आणि ती खालावली म्हणून आणखी पालक निघून जातात. प्रत्येकाचा निर्णय समंजस असतो, पण सर्वांचा मिळून परिणाम अनिष्ट होतो.

आमच्या मते, मूल कोठे घालावे याचे स्वातंत्र्य पालकास असावे, पण सार्वजनिक शाळेशी नाते तोडण्याचे स्वातंत्र्य नागरिकास नाही. म्हणून सरकारी शाळा न पाहताच नाकारू नये. वर्गात जाऊन मुले वाचतात कशी, हे पाहावे. खासगी शाळा घेतलीच, तर कायद्याने राखीव असलेल्या पंचवीस टक्के जागांवर आलेल्या मुलाशेजारी आपले मूल आनंदाने बसू द्यावे. आणि आमच्यासारख्या निवृत्तांनी आठवड्यातील दोन तास जवळच्या शाळेस द्यावेत, तिचे अर्ज लिहावेत व त्यांचा पाठपुरावा करावा. या नगरीने आपल्या वाडवडिलांना आश्रय दिला, शिकविले. ते ऋण आता दुसऱ्यांच्या मुलांपाशीच फेडावयाचे आहे.