दळलेलं गुपित

मिशिगन राज्यात डेट्रॉईट शहराजवळ नोव्हाय नावाचं गाव आहे. मोटारींच्या धंद्यामुळे त्या भागात आपली मराठी माणसं बरीच स्थिरावली आहेत. तिथे एक तरुण इंजिनियर राहत होता. नातीच्या बारशाला त्याचे वडील पिंपरीहून आले होते आणि थंडी संपेपर्यंत राहणार होते. वडिलांनी एकतीस वर्षं एका मोटार कारखान्याच्या टूल रूममध्ये काढली होती. पत्र्याला दाराचा, बॉनेटचा आकार देणारे पोलादी डाय हातानं घासून अखेरच्या बारकाव्यापर्यंत आणायचे, हे त्यांचं काम.

डेट्रॉईटच्या हमरस्त्यांवर अधूनमधून एखादी विचित्र गाडी दिसते. तिच्या अंगभर काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांची नक्षी चिकटवलेली असते. बाजारात न आलेली गाडी चाचणीसाठी बाहेर काढतात तेव्हा तिचे उंचसखल भाग नजरेला कळू नयेत, म्हणून हा पेहराव. मुलगा अशी गाडी दिसली की हरखून बोट दाखवायचा. वडील मात्र मान दुसरीकडे वळवायचे. मुलाला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला खिडकीची काच गार लागत असेल.

मुलाकडे विजेवर चालणारी गाडी होती. कामावरून आला, मुलगी झोपली की तो गॅरेजमध्ये जायचा आणि गाडीचा मधला संगणक जोडून त्याच्या पोटात काय आहे ते बघत बसायचा. यात गैर काही नव्हतं. मालकानं दुरुस्तीसाठी आपल्या गाडीचं सॉफ्टवेअर उघडावं, अशी सवलत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१५ मध्येच मान्य केली होती. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ही जिज्ञासा मला मोलाची वाटते. ज्या वस्तूचे हप्ते आपण भरतो ती आतून कशी आहे हे बघावंसं ज्यांना वाटतं, त्यांच्यातूनच चांगले कारागीर घडतात.

एका रात्री त्याला त्या पोटात एक चित्र सापडलं. गाडीच्या मागे लावायच्या बिल्ल्याचं होतं, आणि त्यावरचा आकडा आजवर विकल्या गेलेल्या कुठल्याच गाडीवर नव्हता. म्हणजे कंपनी मोठ्या बॅटरीची गाडी आणणार होती आणि जगात अजून कुणाला ते ठाऊक नव्हतं. त्याची झोप उडाली. सरळ सांगून टाकावं, तर बरं दिसत नव्हतं. गप्प बसावं, तर राहवत नव्हतं. शेवटी त्यानं मधली वाट काढली. त्या नावाचं संगणकाकडून एका सांकेतिक ओळीत रूपांतर केलं आणि ती ओळ ओळखीच्या गाडीमालकांना पाठवून दिली. सोबत एवढंच लिहिलं : “मोठं काहीतरी येतंय. ज्याला कळेल त्याला कळेल.”

सकाळी वडील पोहे खात होते आणि टेबलावरचा फोन थरथरत होता. तो थांबेचना, तेव्हा त्यांनी विचारलं, “काय झालं रे?”

मुलानं अभिमानानं सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की यात नवीन काही नाही. २०१६ च्या मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका टेस्ला मालकाला आपल्या गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पी १०० डी’ हे नाव दिसलं होतं. तेव्हा बाजारात सर्वांत वरची गाडी ‘पी ९० डी’ होती. त्या मालकानं नाव उघड केलं नाही, त्याचं ‘शा-२५६’ पद्धतीनं केलेलं चौसष्ट अक्षरांचं रूपांतर तेवढं ट्विटरवर टाकलं. लोकांनी ते लवकरच ओळखलं. ऑगस्टमध्ये कंपनीनं खरोखरच ती गाडी जाहीर केली.

“आणि बाबा, इलॉन मस्कनं त्याच्यावर राग धरला नाही. उलट, चांगलं हॅकिंग ही देणगी आहे असं म्हणून कौतुक केलं.”

“हे रूपांतर म्हणजे काय?”

“कुठलाही शब्द घ्या. संगणक तो अशा रीतीनं फिरवतो की चौसष्ट अक्षरांची ओळ तयार होते. मूळ शब्दातलं एक अक्षर बदललं तरी सगळी ओळ बदलते. आणि त्या ओळीवरून उलट्या दिशेनं मूळ शब्द काढता येत नाही.”

“मग लोकांना कळलं कसं?”

“त्यांनी अंदाजानं नावं घेतली, तीच क्रिया केली आणि ओळ जुळते का ते पाहिलं.”

वडिलांनी चमचा खाली ठेवला. “म्हणजे गिरणीसारखंच की. पिठाचा दाणा परत होत नाही. पण हे ज्वारीचं असेल असं ज्याला वाटतं, त्यानं मूठभर ज्वारी दळून शेजारी ठेवली की झालं. तू गुपित झाकलंस कुठे? दळून दारात ठेवलंस.”

मुलगा हसला, पण फोनकडे बघून त्याचं हसू थांबलं. दोघांनी नाव ओळखलं होतं. एकानं लिहिलं होतं की पुढच्या आठवड्यात तो गाडी घेणार होता, ती आता रद्द केली. मोठी बॅटरी येईपर्यंत थांबणार.

ते वाचून दाखवल्यावर वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी पण एकदा एक शब्द बोललो होतो.”

ही गोष्ट त्यांनी मुलाला कधी सांगितली नव्हती. कारखान्यात नव्या गाडीचं काम निघालं की सर्वांत आधी तिचा आकार कळतो तो टूल रूमला. पत्रा नंतर, रंग त्याच्याही नंतर. दाराचा डाय महिनोन्‌महिने ज्याच्या हाताखाली असतो, त्याला ती गाडी डोळे मिटूनही दिसते. “तुझी आई विचारायची, आज काय केलंत? मी म्हणायचो, पत्रा. एकतीस वर्षं तिला पत्राच सांगितला. पण एकदा चहाच्या टपरीवर एक मित्र भेटला. जुनी गाडी घेणार होता, पैसे भरायला निघाला होता. मी म्हटलं, थांब. एवढंच. काय येतंय ते सांगितलं नाही, नाव नाही, साल नाही. फक्त थांब, आणि जरा हसलो.”

“मग?”

“मग काय. त्यानं चार जणांना सांगितलं, चौघांनी दहांना. सगळ्यांना वाटलं, टूल रूमवाला सांगतोय म्हणजे पक्कंच. आणि आमचा डाय ट्रायललाच तडकला. नवी गाडी सहा महिन्यांत येणार होती, तिला दोन वर्षं लागली. आली तेव्हा माझ्या हाताखालून गेलेलं दारसुद्धा तिला नव्हतं, आकार बदलला होता. मित्र दोन वर्षं पोरांना स्कूटरवरून नेत राहिला आणि शेवटी जास्त पैसे मोजून जुनीच गाडी घेतली. भोसरीत आपल्या चाळीतला एक जण जुन्या गाडीचे ब्रॅकेट बनवायचा. त्याच्याकडे त्या सालात दुसरी पाळी बंद झाली. आता ती माझ्या एका शब्दामुळे झाली असं नाही. पण त्या पाळीतली पोरं टपरीवर बसलेली दिसायची ना, तेव्हा मी रस्ता बदलून जायचो.”

वडिलांना कितीदा तरी हे मनातल्या मनात बोलून झालं असावं, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटत होतं.

मुलगा जरा वेळानं म्हणाला, “पण बाबा, तुम्ही पगार घेत होतात. तुमचं बांधील असणं मला पटतं. मी गिऱ्हाईक आहे. मी कुठेही सही केलेली नाही. गाडी माझी, तिच्यातलं चित्र माझ्याच गाडीत होतं.”

हा प्रश्न रास्त होता आणि वडिलांनीही तो उडवून लावला नाही. ते म्हणाले, “शिंप्यानं तुला शर्ट शिवून दिला. घरी येऊन बघतोस तर खिशात दुसऱ्या कुणाच्या लग्नाच्या कपड्यांच्या मापाची चिठ्ठी. शर्ट तुझा, खिसा तुझा. चिठ्ठी कुणाची?”

“पण मस्कनं स्वतः कौतुक केलं.”

“तो त्याचा मोठेपणा. ज्याचं गेलं तो हसला म्हणून नेणाऱ्याचा हक्क होत नाही. आणि मला एक सांग. तू कुणासाठी पाठवलीस ती ओळ? ज्याला सांगायचं त्याला कळलं पाहिजे, तर सरळ सांगतात. कळू नये, तर गप्प बसतात. अर्धवट सांगतो तेव्हा माणूस गुपित राखत नाही आणि समोरच्याला माहितीही देत नाही. त्याला एवढंच सांगायचं असतं, की मला ठाऊक आहे. मी टपरीवर हसलो होतो ना, ते हसू त्यासाठीच होतं.”

मुलानं मान खाली घातली. सूनबाई मुलीला घेऊन आल्या, चहा झाला. जाताजाता वडिलांनी सहज विचारलं, “इतक्या रात्री त्या गाडीत बघतोस, अजून काय सापडलं तुला?”

“काही खास नाही. आकडे.”

“कसले आकडे?”

मागच्या महिन्यात गाडीचं सॉफ्टवेअर बदललं होतं. त्यानंतर पडद्यावर बॅटरी पूर्ण भरलेली दिसली तरी आत ती पूर्वीइतकी भरत नव्हती. कंपनीनं भरायची वरची मर्यादाच खाली आणली होती, आणि बदलांच्या यादीत त्याचा शब्दही नव्हता. आधी एका भरण्यात अडीचशे मैल जाणारी गाडी आता सव्वादोनशेलाच हात टेकत होती. मुलानं दोन्हीकडचे आकडे लिहूनही ठेवले होते.

“हे कुणाला सांगितलंस?”

“नाही. कोण वाचणार हे? शिवाय कंपनीनं माझा संगणकच बंद करून टाकला तर?”

समोरच्या घरात राहणारी बाई नर्स होती. तिच्याकडे त्याच सालातली तीच गाडी होती. रात्रपाळीहून परतताना जानेवारीत दोनदा तिला पहाटे वाटेत चार्जिंगसाठी ताटकळावं लागलं होतं. सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, थंडीत असं होतंच. थंडीत बॅटरी कमी चालते हे खरंच आहे, म्हणून तिनं ते मानलं. वडिलांना हे माहीत होतं, कारण अंगणातलं बर्फ ओढताना तीच एकदा हातवारे करून त्यांना सांगत होती.

“चाकणच्या फोक्सवॅगनचं ते काय झालं होतं रे? २०१५ साली आमच्याकडे सगळ्या पोरांच्या तोंडी तेच होतं.”

मुलाला ते नीट ठाऊक होतं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या लहानशा गटानं डिझेल गाड्या प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या रस्त्यावर चालवून त्यांचा धूर मोजला होता. गटात भारतातून शिकायला गेलेली मुलंही होती. एका गाडीचे नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या पस्तीस पटींपर्यंत गेले. २०१४ मध्ये त्यांनी हे आकडे सरकारी तज्ज्ञ हजर असलेल्या परिषदेत मांडले. तपास झाला, आणि २०१५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं कंपनीला नोटीस दिली. चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत निघालं.

“पण त्यांनीही अहवालात कंपनीचं नाव घेतलं नव्हतं,” मुलगा म्हणाला. “गाडी ए, बी आणि सी, एवढंच लिहिलं होतं. तोही इशाराच झाला की.”

“आकडे लपवले होते?”

“नाही.”

“मोजलं कसं ते?”

“तेही सगळं दिलं होतं.”

“मग तो इशारा कसला? ज्याला तपासायचं त्याच्या हातात सगळं ठेवलं होतं त्यांनी.” वडील उठून खिडकीशी गेले. “अरे, गुपितं दोन जातींची असतात. एक, पिकायचं राहिलंय म्हणून झाकलेलं. ते ज्याचं त्याला पिकवू द्यावं. मी रस्त्यावरच्या त्या नक्षीच्या गाडीकडे बघत नाही, ते म्हणून. दुसरं, कुणाचं तरी नुकसान होतंय म्हणून झाकलेलं. ते स्वतःच्या नावानं, आकड्यांसकट सांगावं. त्यात आपलं काही गेलं तरी सांगावं. तू जे झाकायचं ते दळून वाटलंस आणि जे वाटायचं ते कोठीत ठेवलंस.”

मुलानं फोन घेतला. आधी त्यानं ज्याची गाडी रद्द झाली त्याला लिहिलं, की चित्र म्हणजे गाडी नव्हे, ती कधी येईल किंवा येईलच का, मला माहीत नाही, आणि ती ओळ मी हौसेपायी पाठवली. तेच मग सगळ्यांना लिहिलं. पण ओळ तोवर पुढे गेली होती. ओळखीच्या नसलेल्या माणसांकडून ती त्याच्याचकडे परत आली.

मग त्यानं आकड्यांचं पत्र लिहायला घेतलं. कंपनीला, आणि तीच प्रत राज्याच्या ग्राहक कार्यालयाला. सॉफ्टवेअर कुठल्या तारखेला बदललं, मोजलं कसं, आधी किती, नंतर किती. आपल्या गाडीचा क्रमांक त्यानं वर लिहिला, खाली पूर्ण नाव घातलं. लिहायला दुपार झाली.

तिसरी प्रत छापून तो बाहेर पडला. बर्फ नव्यानं पडलं होतं, रस्ता ओलांडून गेलेली त्याची पावलं खिडकीतून स्पष्ट दिसत होती. वडील नातीला खांद्यावर घेऊन उभे होते. रात्रपाळी करून आलेली बाई झोपली असेल, म्हणून मुलानं घंटी एकदाच वाजवली आणि वाट बघत राहिला. बऱ्याच वेळानं दार उघडलं. त्यानं पायातलं बर्फ झटकलं आणि कागद पुढे केला.