उपकार, मिंधेपणा आणि एक डांगर

खरिपाची बाजरी घरात आली की नगर जिल्ह्यात, राहुरी तालुक्यातल्या एका गावात, एका रविवारी ख्रिस्ती मंडळींचा कापणीचा सण असतो. उपासना आटोपली की व्यासपीठापुढच्या टेबलावरच्या जिनसांचा लिलाव लागतो. बाजरीची कणसं, दुधी, शेंगांची पिशवी, डझनभर अंडी, पाय बांधलेली आणि या सगळ्याला स्पष्ट विरोध असलेली एक कोंबडी. मी सांगतोय त्या वर्षी एक डांगरही होतं, एका म्हाताऱ्या बाईंनी छपरावर चढवलेल्या वेलाचं. बोली साठ रुपयांपासून निघाली, दोनशेवर 'तीन वार' झालं. घेणाऱ्यानं डांगर दोन्ही हातांनी उचललं, वजन केल्यासारखं हलवून पाहिलं आणि पुन्हा टेबलावर ठेवून दिलं. परत बोली. असा चारदा लिलाव झाला. बाजारात चाळीस रुपयांनाही कोणी विचारलं नसतं ते डांगर देवळाला सातशे-आठशे रुपये देऊन गेलं. ज्यांच्या छपरावरून ते उतरलं त्या बाई मागे सतरंजीवर बसून तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांचे आभार कोणी मानले नाहीत. त्यांनाही त्याचं काही वाटलं नाही.

मला मात्र वाटलं. कारण 'उपकार' हा आपल्या भाषेतला फार जड शब्द आहे. आभार मानून मोकळं होता येतं, उपकार मात्र फेडावे लागतात. त्यांचं ओझं होतं, त्याखाली माणूस दबतो, मिंधा होतो. मराठी बायबलात याच शब्दापुढे दुसरी पदं येऊन बसली आहेत, 'स्तुती' आणि 'स्मरण'. उपकारस्तुती, उपकारस्मरण. फेडण्याचं नाव नाही. जे फिटणारच नाही ते फेडल्याचा आव आणायचा नाही, नुसतं आठवत राहायचं. ख्रिस्ती माणूस कृपा म्हणतो ती हीच, आणि खतावणीत तिला खातं नाही. लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकटा परततो, तोही परका, शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो खरं. पण त्या नऊ जणांचा रोग काही परत येत नाही. ही गोष्ट नेहमी त्या एकावरून सांगितली जाते. मला ती त्या नवांमुळे जास्त पटते.

नगर जिल्ह्याला खतावणीचा अर्थ शिकवावा लागत नाही. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत शिरून पहिल्यांदा शोधली ती कर्जाची कागदपत्रं, आणि ती जाळली. पाठोपाठ १८७६ ते ७८चा दुष्काळ आला. अमेरिकन मराठी मिशन नगरात १८३१ पासून होतं. दुष्काळानंतरच्या वर्षांत जिल्ह्यात बाप्तिस्मे वाढले, बहुतेक महार-मांग वस्त्यांतून. 'पोटासाठी बाटले' हा टोमणा तेव्हापासूनचा. तो मारणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं: पोटासाठी गावकीची कामं करणं, मेलेली ढोरं ओढणं आणि वर गावाचे उपकार मानणं, हे काय होतं? तरीही टोमण्यात एक खरा काटा आहे. गावचा मिंधेपणा सुटला आणि मिशनच्या साहेबाचा लागला, असं किती घरांत झालं असेल? शाळा साहेबाची, दवाखाना साहेबाचा, पगार साहेबाचा. प्रार्थना देवाची असली तरी डोळा उघडला की समोर साहेबच.

हा काटा सगळ्यांत जास्त टोचला तो नारायण वामन टिळकांना. कोकणातला हा कवी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन नगरला आला, पुढची वीसेक वर्षं मिशनच्या कामात राहिला, ईश्वरविज्ञान शिकवलं, 'ज्ञानोदय' नियतकालिकात लिहिलं, अभंग-भजनं रचली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. मिशनबद्दल त्यांच्या मनात आदर होता. तरीही १९१७ साली त्यांनी पगार सोडला, संन्यासी वृत्तीनं राहायचं ठरवलं आणि 'देवाचा दरबार' मांडला: ख्रिस्ताचे अनुयायी, पण कुठल्याही परदेशी मंडळाचे ओशाळे नसलेले. त्याला कृतघ्नपणा म्हणणारे निघाले असतील. मला तो कृतज्ञतेचाच पुढचा टप्पा वाटतो. देणाऱ्याच्या दारातून उठून जाता आलं, तरच घेतलेलं दान दान राहतं.

दरबार टिकला नाही. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक वारले आणि माणसं पांगली. १९०९ साली हाती घेतलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य अकराएक अध्यायांवर थांबलेलं. टिकावं म्हणून ज्यावर त्यांनी जीव लावला त्यातलं हे असं अर्ध्यावर राहिलं.

ते पुढे नेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. नवऱ्यानं धर्म बदलला तेव्हा त्या काही वर्षं दूर राहिल्या. सोवळं-ओवळं त्यांच्या हाडीमाशी होतं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा, आणि तो नवऱ्याच्या मागे फरफटत जाऊन नव्हे, स्वतःशी वाद घालून. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं 'ख्रिस्तायना'चे चौसष्ट अध्याय लिहिले. १९३८ साली ते छापून आलं तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तरी आज घरोघरी वाचली जातात ती त्यांच्या आठवणींची 'स्मृतिचित्रे'. हातातला पैसा हातात न ठेवणारा, कोणालाही घरी आणून ठेवणारा, घटकेत तापणारा नवरा त्यांनी जसाच्या तसा मांडला. भक्ताला शोभेल अशी गुळगुळीत मूर्ती केली नाही. पुस्तकभर तक्रार आहे आणि पानोपानी हसू आहे. मिंध्या माणसाला अशी तक्रार करता येत नाही, त्याला गोडच बोलावं लागतं. स्तोत्रसंहितेचे कर्तेही देवाशी असेच भांडतात आणि त्याच दमात त्याचे उपकार आठवतात. लक्ष्मीबाई त्यांच्या पंगतीतल्या.

मग टिकतं काय? पौल करिंथकरांना लिहितो की प्रत्येकाचं काम अग्नीतून जाईल. सोनं, लाकूड, गवत, काय होतं ते तेव्हा कळेल. म्हणजे आज कोणालाच कळत नाही. सिंथिया फॅरार ही अमेरिकन बाई १८३९ मध्ये मुलींच्या शाळांसाठी नगरला आली आणि १८६२ मध्ये नगरातच वारली. किती मुली प्रभूकडे आल्या, हा मिशनचा हिशोब. पण तिच्या शाळा पाहून गेलेल्या जोतिराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई शिक्षिकेचं काम शिकल्या ते फॅरारबाईंकडे. दोघांपैकी कोणीही ख्रिस्ती झालं नाही. मिशनच्या हिशोबात ही दोन नावं कुठल्या रकान्यात घालणार?

डांगराचं सांगायचं राहिलं. चौथ्यांदा ते एका पोरसवदा ड्रायव्हरनं घेतलं आणि खरंच घरी नेलं. पैसे मात्र 'शनिवारच्या बाजारानंतर' म्हणाला. खजिनदारांनी चष्मा पुसला, वही उघडली आणि उधारी मांडली. मग तेच पान धरून मागच्या वर्षीची थकबाकी मोठ्यानं वाचायला घेतली, नावानिशी. मंडळी खाली माना घालून हसत होती. पाचवं नाव माझं निघालं. दीडशे रुपये, शेंगांची पिशवी.