दोष कोणाचा?

मूल स्थूल झालें कीं आपण त्याच्या आईबापांस दोष देऊन मोकळे होतों. हा न्याय अपुरा आहे. उत्तर फ्रान्समधील फ्लरबे व लावांती या लहान गांवांत १९९२ सालीं शाळांतून आहाराचे धडे सुरू झाले. पण नुसत्या धड्यांनीं भागलें नाहीं. पुढें डॉक्टर, दुकानदार, क्रीडामंडळें यांनीं हातभार लावला, तेव्हां वाढलेलें प्रमाण उतरलें. २००४ सालीं तेथें फाजील वजनाचीं मुलें शेंकडा ९ च्या आंत होतीं. तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांत तीं जवळजवळ दुप्पट होतीं.

आईनें 'बाहेर खेळ' म्हणावें आणि बाहेर मैदानच नसावें, तर दोष कोणाचा? घरानें वळण लावावें हें खरें. पण तें टिकेल असें गांव उभारणें हें सर्वांचें कर्तव्य. तें टाळणाऱ्यास आईबापांना उपदेश करण्याचा अधिकार नाहीं.