उरलेला देह, उरलेला नेम

सज्जनहो, पाठशाळेत आम्ही देहाची अनित्यता घोकली. अर्थ कळला तो साठीनंतर. स्तनाच्या कर्करोगाने डावा स्तन गेला, काखेतल्या ग्रंथी काढल्या, औषधांनी केस गेले. केस परत आले. हात मात्र वर जाईना, वीणा धरवेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भिंतीवर बोटे रोज थोडी वर सरकवा." आम्ही तोच नेम धरला. पाच वर्षे घ्यावयाची गोळीही हरिपाठाच्या वेळेलाच घेतो. देह नाशिवंत खरा, पण म्हणून हेळसांड करू नये. सेवा याच देहाने घडते. मायबहिणींनो, दुखत नाही म्हणून आणि लाजेपायी आम्ही गाठ सहा महिने लपविली. तुम्ही तसे करू नका, लगेच दाखवा. आता हात कानापर्यंत येतो. गजराला तेवढा पुरतो. रामकृष्णहरि!