जिभेने तपासली जाणारी भिंत

हे मनन सावकाश वाचायचं आहे. प्रत्येक टप्प्यावर थांबायचं, एक गोष्ट मनात धरायची आणि ती नीट बसली की मगच पुढे सरकायचं.

मनात एक रिकामी काचेची पेटी आणा. तिच्या मागच्या बाजूला तुम्हाला मावळातल्यासारखा कातळ उभा करायचा आहे. थर्माकोल कोरायचा, त्यावर टाइल ग्राउटचे थर द्यायचे, रंग भरायचा. आत राहणार आहे एखादा इग्वाना किंवा बॉल पायथन. पाण्याच्या फवाऱ्याने ग्राउट भुसभुशीत होऊ नये, म्हणून शेवटी वरून एक लेप लागेल. तो कोणता, एवढाच आजचा प्रश्न.

त्याआधी एक गोष्ट मिटवून टाकू. नाग, धामण, घोरपड, तारा कासव यांच्यासाठी ही पेटी नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना घरात ठेवणं हा गुन्हा आहे. घरात साप निघाला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करायचा आणि अंतर राखून थांबायचं. इग्वाना आणि बॉल पायथन परदेशी असले तरी त्यांचीही नोंद 2024च्या नियमांनुसार 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. कागद पूर्ण असतील तरच पुढे वाचा.

आता भिंतीवरची पाल आठवा. गणपतीच्या आधी घर रंगवायला काढलं, खोलीत थिनरचा वास कोंडला, तर तिच्यासाठी खिडकीची फट आहे, माळ्याचा कोपरा आहे. आपणही गॅलरीत जाऊन उभे राहतो. पेटीतल्या जिवाला ही सोय नाही. त्याला चोवीस तास त्याच हवेत काढायचे आहेत. या एका गोष्टीवर जरा रेंगाळा. पुढचा सगळा हिशेब इथूनच निघतो.

मग त्या जिवाच्या जिभेकडे या. इग्वाना नव्या फांदीवर चढताना तिला जीभ लावून पाहतो. साप जीभ बाहेर काढून हवेतले कण टिपतो आणि टाळूतल्या जेकबसन इंद्रियाकडे पोचवतो. तुम्ही ज्याला रंगसंगती म्हणता ती भिंत त्याच्यासाठी आधी चव आणि वास आहे. सापाला किंवा सरड्याला आपल्यासारखं छातीखालचं स्नायूंचं पटल नसतं, त्यामुळे फुप्फुसात गेलेलं काही जोरात खोकून बाहेर टाकणं त्याला जमत नाही. म्हणून आत जे सोडायचं, ते आधीच तोलून सोडायचं.

आता लोणावळ्यातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानासमोर उभे राहा. हंगामात चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं हे गाव. गळती आणि बुरशी हे इथले घरोघरचे विषय. 'ओलीसाठी काहीतरी द्या' म्हटलं की दुकानदार बाथरूमचं अँटी-फंगल सिलिकॉन काढून ठेवतो. त्याचं काहीच चुकत नाही, आपल्या मोरीसाठी तेच योग्य. पण त्यात बुरशी मारणारं औषध मिसळलेलं असतं, आणि ते हळूहळू बाहेर पडावं अशीच त्याची योजना असते. या गावात ज्या गुणासाठी ती नळी खपते, नेमका तोच गुण पेटीत नको. दुकानातली चांगली वस्तू आणि या जिवाला चांगली वस्तू यांतलं अंतर इथे मनाशी मोजा.

सिलिकॉन घ्यायचंच तर मत्स्यपेटीसाठीचं, बुरशीनाशक नसलेलं, शंभर टक्के सिलिकॉन घ्या. ते सुकताना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो, कारण त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं. पूर्ण सुकल्यावर ते संपतं. 'न्यूट्रल' लिहिलेल्या नळीला हा वास नसतो, म्हणून ती सौम्य वाटते. पण तिच्यातल्या पुष्कळ प्रकारांतून सुकताना ऑक्साइम जातीची द्रव्यं बाहेर पडतात आणि ती आपल्या नाकाला तितकीशी जाणवत नाहीत. वास सौम्य असला म्हणजे वस्तूही सौम्य, असं धरून चालू नका.

आता एक रेघ जवळून पाहू. आषाढ आहे, बाहेर धुकं दारापर्यंत आलंय. गनमधून काचेच्या कोपऱ्यात सिलिकॉनची बोटभर जाड रेघ ओढली. पाव तासात तिच्यावर साय धरते. बोट लावलं तर चिकटत नाही, आणि काम झालं असं वाटतं. पण सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर बाहेरून आत पक्कं होत जातं, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. बोटभर जाडीच्या पोटात अजून कितीतरी दिवस ओलं आम्ल असतं. वरची साय पाहून आतला निर्णय करायचा नाही.

त्याच दिवशी शेजारी पाण्यावर चालणाऱ्या ॲक्रिलिकचा हात दिला असता तर उलटं झालं असतं. सिलिकॉनला ओलावा हवा, ॲक्रिलिकला कोरडी हवा. त्यातलं पाणी उडून गेलं तरच कण एकमेकांना धरून पापुद्रा होतो. डब्यावर लिहिलेले 'चार तास' बहुतेक वेळा पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता धरून लिहिलेले असतात. लोणावळ्यात जुलैमध्ये ती नव्वदीच्या पुढे असते. मग लेप दुधाळच राहतो, काचेसारखा स्वच्छ होत नाही. तो दुधाळपणा हीच खूण: पाणी अजून आत आहे. अशा वेळी दुसरा हात देणं म्हणजे ओल आत कोंडणं.

एपॉक्सीचा स्वभाव आणखी निराळा. नीट मापून कालवला तर तो कडक आणि निर्धोक होतो, पाणीही अडवतो. पण दमट हवेत त्याचं हार्डनर ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावून वर मेणचट थर धरतं. तो स्वच्छ कोमट पाण्याने धुवून काढावा लागतो. अंदाजाने हार्डनर ओतलेला एपॉक्सी मात्र कधीच पुरता पक्का होत नाही, कितीही वाट पाहा.

आता ग्राउटकडे. सिमेंट असलेलं ग्राउट ओलं असताना तीव्र अल्कधर्मी असतं, पीएच बाराच्या पुढे. भिंत वाळली की पाणी शिंपडा, ओघळलेल्या पाण्यात पीएचची पट्टी बुडवून पाहा, पाणी पुसून टाका, पुन्हा शिंपडा. पट्टीचा रंग साध्या नळाच्या पाण्याशी जुळला की मग लेपाचा विचार करायचा.

काही गोष्टी मनातूनच वजा करा. थिनरवर चालणारं वॉर्निश, पॉलिश, स्प्रे पेंट थर्माकोलवर मारलं तर थर्माकोल डोळ्यांदेखत वितळून खड्डे पडतात. जे द्रव्य भिंतच खातं, त्याच्या वाफेबद्दल वेगळं सांगायला नको. लाखेचं पॉलिश नैसर्गिक खरं, पण सततच्या ओलीने पांढरं पडतं. नैसर्गिक हा शब्द इथे पुरेसा नाही.

आता त्या भिंतीवर पेटीतलं रोजचं जगणं घाला. वर उष्णतेचा दिवा, त्याखाली पस्तीस अंशांच्या आसपास ऊन. इग्वानाची नखं दिवसातून अनेकदा त्याच उंचवट्यावर घासणार. अतिनील दिव्याने लेप वर्षागणिक ठिसूळ होणार. पापुद्रा उडाला की खालचा थर्माकोल उघडा पडेल, आणि त्याचा तुकडा पोटात गेला तर आतडं तुंबू शकतं. म्हणून नखं पोचतील तिथे ग्राउट जाड द्या आणि भिंत अधूनमधून बोटाने चाचपत राहा.

शेवटचा टप्पा. आपण लेप का देतोय, हे स्वतःला पुन्हा विचारा. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी कमानी आजही आहेत. बाहेर मावळचा पाऊस कोसळत असतो, लाकूड आत कोरड्यात आहे. पेटीतही पाण्याचं भांडं भिंतीपासून दूर ठेवलं, फवारा झाडांपुरता राखला, तर लेपावरचा भार पुष्कळ कमी होतो. दगडाच्या चिपा घट्ट बसवून केलेल्या भिंतीला तर लेपच लागत नाही. फक्त वजन पेलेल अशी बैठक हवी आणि दगड सुटून अंगावर पडणार नाही याची खात्री.

लेप लागणारच असेल तर काम फाल्गुन-चैत्रात काढा. हात पातळ द्या, दोन हातांमध्ये घाई करू नका. सगळं सुकल्यावर जनावर बाहेरच ठेवून पेटी बंद करा, दिवा लावा आणि एक अख्खा दिवस तशीच राहू द्या. मग दार उघडून पहिला श्वास तुम्ही घ्या. काहीही वास आला तर आणखी आठवडा थांबा आणि पुन्हा हेच करा. वास गेला तरी डब्यावर दिलेली पूर्ण पक्कं होण्याची मुदत उलटेपर्यंत जनावर आत सोडू नका. आणि डब्यात काय आहे हे दुकानदाराला सांगता येत नसेल, डब्यावरही लिहिलेलं नसेल, तर तो डबा घरी आणू नका.